सुई-दोरा: लिननच्या टेबल रनरचे प्रश्न

गेल्या दोन अंकांनंतर आलेल्या पत्रांत सगळ्यांत जास्त प्रश्न लिननच्या टेबल रनरबद्दल (टेबलाच्या मधोमध लांबीनं अंथरायची पट्टी) आहेत. सोबतचे फोटो पाहता बहुतेकांचं भरतकाम चांगलं आहे, अडलंय ते कापडाशी. लिननचा प्रत्येक धागा डोळ्यांना दिसतो, म्हणून कापणं, मोजणं आणि दुमडणं यांतली लहानशी चूकही लपत नाही. या वेळी उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न : आमचं सहाजणांचं टेबल १५० सेंमी लांब आणि ९० सेंमी रुंद आहे. रनरला कापड किती घ्यावं? दुकानदार दाखवतो ते खरंच लिनन आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नाशिक)

रनर साधारण टेबलाच्या रुंदीच्या एक तृतीयांश असावा आणि दोन्ही टोकांना १५ ते २० सेंमी खाली लोंबावा. तुमच्या टेबलासाठी तयार माप १९० × ३५ सेंमी धरा. दुमड अडीच सेंमीची आणि तिच्या आत १ सेंमी आतमोड, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन सेंमी जास्त. कापायचं माप झालं १९७ × ४२ सेंमी. हे माप कापड आटल्यानंतरचं आहे. न धुतलेलं लिनन पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटतं, सैल विणीचं त्याहूनही जास्त. म्हणून २१० × ४५ सेंमीचा तुकडा हवा. लिननचा पन्हा बहुतेकदा ५८ इंची असतो. त्यातून रनर काढल्यावर जो भाग उरतो त्यात ४८ सेंमीचे आठ नॅपकिन बसतात. तेव्हा सव्वादोन मीटर घेतलं तर वाया काही जात नाही. लांबी नेहमी उभ्या धाग्याच्या, म्हणजे काठाच्या दिशेनं घ्या. आडवा कापलेला रनर टेबलावरून लोंबताना नीट पडत नाही.

ओळखायचं म्हणाल तर धागा जाळून बघण्याची युक्ती इथे कामाची नाही. लिनन आणि सुती दोन्ही कागदासारखे जळतात आणि दोन्हींची मऊ राख होते. त्या परीक्षेत फक्त पॉलिएस्टरची भेसळ पकडली जाते, कारण ते वितळून त्याची कडक गोळी होते. लिननसाठी कडेचा एक धागा काढा, त्याचा पीळ सोडवा आणि हळू ओढून तोडा. लिननचे तंतू लांब असल्यानं तुटलेलं टोक सरळ, टोकदार आणि जरा ताठ राहतं. सुताचं टोक कुंचल्यासारखं फुलतं. आडवा आणि उभा, दोन्ही धागे तपासा, कारण एका दिशेला सूत आणि दुसरीकडे लिनन अशी कापडंही विकली जातात. तशा कापडाचा रनर वाईट होत नाही, पण किंमत शुद्ध लिननची देऊ नये. रनरसाठी दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचं कापड बरं. शर्टाचं पातळ लिनन घेतलं तर मागचे दोरे पुढून दिसतात.

प्रश्न : कापताना पट्टी लावून अगदी सरळ कापलं होतं. भरून, शिवून, धुतल्यावर रनर एका बाजूला तिरका झाला. आता काय करावं? (एक वाचक, सोलापूर)

तुम्ही पट्टीप्रमाणे सरळ कापलंत, धाग्याप्रमाणे नाही. गुंडाळीवर कापड पुष्कळदा तिरकं ताणलेलं असतं. पहिल्या पाण्यात धागे आपल्या मूळ जागी परततात आणि तोवर सरळ दिसणारी कड तिरकी होते.

शिवलेल्या रनरला आता थोडाच उपाय आहे. तो पूर्ण ओला करा. ज्या कर्णावर आखूड झालाय त्या दोन कोपऱ्यांना दोघांनी धरून हळूहळू ताणा, जाड टॉवेलवर चौकोनात पसरा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी दर ५ सेंमीवर टाचून वाळू द्या. दीड-दोन सेंमीचा तिरकेपणा यानं जातो. त्याहून जास्त असेल तर हातशिलाई उसवून नव्यानं दुमडण्यावाचून इलाज नाही.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. आधी कापड ज्या पाण्यात पुढे धुणार तसल्याच पाण्यात धुवा आणि किंचित ओलं असताना इस्त्री करा. दोन्ही काठ दीड-दोन सेंमी कापून टाका, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते. मग कापायच्या जागी कात्रीनं १ सेंमीची चीर द्या, सुईच्या टोकानं एकच धागा उचला आणि हळूहळू ओढा. कापडाला चुण्या पडतील. त्या पुढे सरकवत राहिलात की धागा निघून त्याच्या जागी बारीक रेघ दिसते. त्या रेघेवर कापा. मधेच धागा तुटला तर तुटलेल्या जागेपर्यंत कापा आणि तिथून तोच धागा पुन्हा उचला. चारही बाजूंना अर्धा तास जातो, पण याला पर्याय नाही. लिनन टरकन फाडूही नये. फाडल्यावर कडेचे धागे ताणले जातात आणि तिथे दुमड लहरी बसते.

प्रश्न : आधी दुमड शिवावी की आधी भरावं? आणि नक्षी कशानं उतरवावी? (एक वाचक, परभणी)

आधी भरावं. शिवलेल्या जाड कडेवर रिंग (कापड ताणून धरायची गोल चौकट) नीट बसत नाही आणि कडेजवळचं भरत ढिलं पडतं. कापड कापल्याबरोबर कड कच्च्या धाग्यानं गुंडाळून टाका, नाहीतर भरताभरता सेंटिमीटरभर कड उसवून जाईल. मग तयार कड जिथे येणार तिथे, म्हणजे कापलेल्या कडेपासून साडेतीन सेंमी आत, रंगीत धावदोरा घाला. दुसऱ्या रंगाच्या धावदोऱ्यानं लांबी आणि रुंदी दोन्हींचे मध्य दाखवा. नक्षी दुमडीच्या आतल्या रेषेपासूनही किमान २ सेंमी दूर हवी. रिंगला कड अपुरी पडत असेल तर १० सेंमी रुंदीची जुन्या सुती साडीची पट्टी कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या आणि काम संपल्यावर काढून टाका.

नक्षीसाठी पाण्यानं जाणारं निळं पेन सगळ्यांत सोयीचं. मात्र इस्त्री लावण्याआधी कापड साध्या थंड पाण्यात बुडवून खूण पूर्ण घालवा. गरम इस्त्री लागली की ती शाई तपकिरी होऊन बसते. इस्त्रीच्या उष्णतेनं पुसली जाणारी पेनं वापरू नका. थंडीत त्यांच्या रेघा पुन्हा उमटतात. शिसपेन्सिलीची पूड फिकट दोऱ्यात मिसळून तो मळकट दिसतो. दुकानात ट्रेसिंग पेपरला भोकं पाडून रॉकेल आणि निळीनं छापून देतात, ते चालतं. फक्त बोळा जवळजवळ कोरडा ठेवायला सांगा, नाहीतर निळी रेघ पसरून दोऱ्याबाहेर दिसत राहते.

प्रश्न : लिननच्या रनरवर कसूती भरतेय. गवंतीची मागची बाजू पुढच्यासारखी येत नाही, आणि चौकोनी फूल उभट झालंय. (एक वाचक, बेळगाव)

रनरसाठी कसूती निवडलीत हे फार योग्य. धारवाड-हुबळीकडच्या या भरतात गाठ मारत नाहीत आणि गवंतीचा टाका दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. रनरचं टोक लोंबतं, उलटतं, त्यामुळे मागची बाजू दिसतेच. इतर कुठल्याही टाक्यापेक्षा गवंती आणि मुर्गी (तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा टाका) तिथे शोभतात. (मेंथी, म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा फुलीचा टाका, मागून सारखा दिसत नाही. तो रनरच्या मधल्या भागात ठेवा.)

आधी उभट फुलाचं बघू. एक इंचात उभे धागे किती आणि आडवे किती हे तुम्ही मोजलेलं दिसत नाही. शिवणाच्या लिननमध्ये ते क्वचितच सारखे असतात. समजा इंचात उभे ४४ आणि आडवे ३८ आहेत, आणि तुम्ही चार धाग्यांवर एक टाका घेताय. चाळीस टाक्यांच्या चौकोनाला दोन्ही दिशांनी १६० धागे लागतात. रुंदी भरते साधारण ९.२ सेंमी आणि उंची १०.७ सेंमी. गोपुराला आणि तुळशीवृंदावनाला हे खपून जातं, उलट उंची थोडी वाढलेली छानच दिसते. आठ पाकळ्यांच्या फुलाला आणि चौकोनी जाळीला ते खपत नाही. त्यांच्यासाठी दोन्ही दिशांनी सारख्या धाग्यांचं, इंचाला २८ धाग्यांचं लिनन मागून घ्या. त्यावर दोन धाग्यांचा टाका घेतला की इंचाला चौदा टाके बसतात आणि डोळ्यांनाही त्रास होत नाही. हातातलं कापड वाया घालवायचं नसेल तर ते फूल उसवा आणि त्या जागी पालखी, अंबारी, रथ अशी नक्षी घ्या, ज्यात थोडाफार फरक नजरेत येत नाही.

आता मागची बाजू. गवंती म्हणजे दोन फेऱ्यांचा धावदोरा : जाताना एक टाका वर, एक खाली, आणि येताना राहिलेल्या जागा भरायच्या. तीन ठिकाणी चुकतं.

पहिलं, सुई. अणकुचीदार सुई पहिल्या फेरीचा दोरा चिरून जाते आणि मागे रेघ जाडी-बारीक होते. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई २६ नंबरची घ्या आणि २८ धाग्यांच्या कापडावर सहापदरी दोऱ्यातला एकच पदर वापरा, फार तर दोन.

दुसरं, परतीची रेघ करवतीसारखी येणं. परत येताना सुई प्रत्येक भोकातून जुन्या टाक्याच्या एकाच ठरलेल्या बाजूनं वर काढा आणि पुढच्या भोकात दुसऱ्या बाजूनं खाली घाला. उदाहरणार्थ, आडव्या रेघेत वर येताना जुन्या टाक्याच्या वरच्या अंगानं, खाली जाताना खालच्या अंगानं. हा नियम ओळभर मोडला नाही तर सगळे टाके एका रेषेत लागतात.

तिसरं आणि सगळ्यांत जास्त चुकणारं, फांद्या. पुष्कळजणी मुख्य रेघ आधी पूर्ण करतात आणि फांद्या नंतर जोडतात. मग प्रत्येक फांदीसाठी मागून दोरा ओढावा लागतो आणि तो आडवा दिसतो. पहिल्या फेरीत फांदी फुटली की त्या फांदीच्या टोकापर्यंत जा, तिथून टाके भरत मुळाशी परत या आणि मगच मुख्य रेघेवर पुढे सरका. पोटफांदी असेल तर तिलाही हाच न्याय. शेवटच्या टोकाला पोचलात की फक्त मुख्य रेघेतल्या मोकळ्या जागा उरतात. सुरुवातीला चौकटीच्या कागदावर दोन रंगांच्या पेनांनी जायची आणि यायची वाट काढून घ्या. सुरुवात करताना गाठीऐवजी ७-८ सेंमी दोरा मागे मोकळा सोडा आणि शेवटी तो भरलेल्या टाक्यांवरूनच मागेपुढे गुंफून कापा.

प्रश्न : पानं भरीव टाक्यानं भरली. रिंग काढल्यावर भोवतीचं कापड गोळा झालं. (एक वाचक, फोंडा)

रिंग ढिली होती आणि टाका ओढलेला होता. लिनन गुळगुळीत असल्यानं लाकडी रिंगमधून सरकतं. आतल्या रिंगला सुती नाडी किंवा बँडेजची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाका, म्हणजे पकड येते. कापड ढोलकीसारखं ताणा, पण ते उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेनंच ओढा, तिरकं नको. टाका घेताना सुई एकदा वरून खाली, एकदा खालून वर अशी दोन वेगळ्या खेपांत घाला. एकाच खेपेत कापड उचलून टाका घेतला की ताण जातो. दोरा ४५ सेंमीहून लांब नको. तीन पदर वापरत असाल तर एकेक पदर वेगळा ओढून काढा आणि मग पुन्हा एकत्र करा. पदर पसरून बसतात, त्यामुळे भरण्यासाठी दोरा ओढावा लागत नाही.

पानाची रुंदी ८ मिमीच्या वर असेल तर भरीव टाका टेबलावर टिकत नाही, ताटाच्या कडेत अडकतो. तिथे मधली शीर धरून दोन अर्धे भरा किंवा आखूड-लांब टाका घ्या. आता झालेलं काम ओलं करून, उलटं ठेवून, टाचून वाळवलंत तर बरंच सरळ होईल. रोज काम थांबवताना रिंग काढायची सवय लावा. लिननवर रात्रभर राहिलेला रिंगचा वळ जाता जात नाही.

प्रश्न : कोपरे जाड आणि गोळा झालेले दिसतात. तिरका कोपरा कसा मोडायचा? हातशिलाईला दोरा कुठला? (एक वाचक, पुणे)

चारही बाजूंना आधी १ सेंमी मोडून इस्त्री करा, मग अडीच सेंमी मोडून पुन्हा इस्त्री करा. आता सगळं उलगडा. कोपऱ्यात घड्यांची जाळी उमटलेली दिसेल. त्यातल्या आतल्या दोन घड्या, म्हणजे कडेपासून साडेतीन सेंमीवरच्या, जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू म्हणजे तयार रनरचा कोपरा. त्या बिंदूवरून जाणारी तिरकी घडी ४५ अंशांत आत मोडा आणि इस्त्री करा. घडीपासून ६ मिमी ठेवून बाहेरचा त्रिकोण कापून टाका. त्याहून जवळ कापलंत तर एक-दोन धुण्यांत कोपऱ्याला भोक पडेल, कारण लिननचा धागा सुटा होऊन पटकन निसटतो. आता १ सेंमीची आतमोड परत घाला, मग अडीच सेंमीची. दोन्ही तिरक्या कडा बरोबर समोरासमोर येतात. बाहेरच्या टोकाकडून आत येत त्या एकमेकींना शिडीच्या टाक्यानं जोडा. कडा जुळत नसतील तर तिरकी घडी बिंदूवरून गेलेली नाही. ओढून जुळवू नका, उलगडून पुन्हा मोडा.

सरळ बाजूंना टाचण्यांवर भरवसा न ठेवता कच्चा धावदोरा घाला. हातशिलाईसाठी कापडाच्या रंगाचा ५० नंबरचा सुती दोरा, एकेरी, मेणावरून एकदा ओढलेला आणि ९ नंबरची बारीक सुई. पॉलिएस्टर दोरा नको, तो कापडासारखा आटत नाही आणि चमकतो. सुई घडीच्या आतून ६ मिमी पुढे न्या, पुढच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचला, परत घडीत शिरा. टाका ओढून बसवला की पुढच्या अंगाला खळगा पडतो. दोरा फक्त सरळ व्हावा इतकाच ओढा. पहिल्या प्रश्नातल्या १९० × ३५ च्या रनरला साडेचार मीटर कड, म्हणजे सुमारे साडेसातशे टाके. दोन-तीन बैठकी सहज लागतात. इतकं भरल्यावर शेवटी मशीनची टीप मारून टाकू नका, ती पुढून तारेसारखी दिसते.

प्रश्न : धागे काढून जाळीदार दुमड करायची आहे. धागे काढलेल्या जागेत दुमड पोचतच नाही. (एक वाचक, ठाणे)

धागे तयार कडेजवळ काढले गेलेत. हिशोब असा : १ सेंमी आतमोड, अडीच सेंमी दुमडीची मागची बाजू, अडीच सेंमी पुढची. म्हणजे कापलेल्या कडेपासून ६ सेंमीवर दुमडीची आतली घडी टेकते. धागे तिथून लगेच पुढे काढायचे, तीन किंवा चार.

धागा कडेपासून कडेपर्यंत ओढून काढू नका. बाजूच्या मध्यावर कापा, दोन्हीकडे उसवत कोपऱ्यापर्यंत न्या आणि उरलेली शेपूट दुमडीच्या आत दडपा. मग उलट बाजूनं, डावीकडून उजवीकडे जात, सुई चार मोकळ्या धाग्यांमागून घालून त्यांची मोळी आवळा आणि लगेच मोळीच्या उजवीकडे दुमडीच्या घडीत दोन धागे उंचीचा एक टाका घ्या. आधी त्या बाजूचे धागे मोजा. चारानं भाग जात नसेल तर कोपऱ्याजवळ एक-दोन मोळ्या तीनच्या किंवा पाचच्या करा, नजरेला कळत नाही. कोपऱ्यात जो रिकामा चौकोन राहतो त्याच्या कडांना काजाचा टाका घाला.

प्रश्न : लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या लिननवर उतरला. (एक वाचक, नागपूर)

वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको. मोठ्या बादलीत थंड पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा आणि पाणी गुलाबी झालं की बदला, लागलं तर दिवसभर. कापड बादलीत चोळामोळा करून नव्हे, पसरून ठेवा. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होत नाही, त्यात वेळ जातो आणि डाग मुरतो. पुढच्या वेळी लाल, गर्द निळा, काळा दोरा भरण्याआधी ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. डाग आला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत लडी खळबळून घ्या. चमकदार रेयॉनची स्वस्त लडी टेबलाच्या कामात घेऊच नये.

प्रश्न : जेवणाच्या टेबलावर हळद सांडणारच. आणि पावसाळ्यात रनर कसा ठेवावा? (एक वाचक, कोल्हापूर)

रश्श्याच्या डागात तेल आणि हळद दोन्ही असतात. आधी भांड्यांच्या पातळ साबणानं तेल काढा. साबण लागताच डाग लाल होईल, तो हळदीचा गुण आहे. साबण निघाला की पुन्हा पिवळा होतो. मग ओला रनर उन्हात पसरा आणि वाळेल तसा पुन्हा ओला करा. दोन-तीन दिवसांत हळद उडते. ऊन भरताचा रंगही उडवतं, म्हणून भरतावर जाड कापडाचा तुकडा टाकून ठेवा. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली घडीचा टॉवेल घालून आणि कापड ओलसर असतानाच करा. टाके दबत नाहीत, उठून दिसतात.

ठेवताना खळ घालू नका, खळीवर कसर लागते. घडीही नको. तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की लिननचे तंतू तिथे तुटतात. पूर्ण वाळवून, भरत बाहेरच्या बाजूला ठेवून, पुठ्ठ्याच्या नळीवर आधी जुनं सुती कापड आणि त्यावर रनर असा गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आतल्या दमटपणानं बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.